पाडव्याच्या रात्री इंदूरवरून काय गेलं?

वाचकांचे प्रश्न : आकाश

एप्रिल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची सुरुवात बदलते. हिवाळ्यात लोक ग्रहांबद्दल विचारतात, उन्हाळ्यात मात्र पत्र "परवा रात्री गच्चीवर पडलो होतो, तेव्हा" असं सुरू होतं. इंदुरात अजून गच्चीवर गाद्या घालणारी घरं शिल्लक आहेत हे त्यातून कळतं आणि मला फार बरं वाटतं. मालव्याच्या रात्रीचं कौतुक पार "शब-ए-मालवा" म्हणून झालेलं आहे. दिवसा कितीही तापलं तरी दहानंतर वारा सुटतो आणि माणूस आपोआप आकाशाकडे तोंड करून पडतो.

या वेळी बहुतेक सगळी पत्रं उल्कांची आहेत. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे तेव्हा मुलांना मी एक सवय लावायचे : आकाशात काही चमकून गेलं की आधी मनात आकडे मोजायला लागा, ओरडा नंतर. किती सेकंद दिसलं हे ज्याला सांगता येतं, त्याला काय दिसलं हेही बहुतेक वेळा सांगता येतं. खालची उत्तरं वाचताना ही सवय लक्षात असू द्या.

प्रश्न : २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवून, जेवणाआधी आम्ही सगळे गच्चीवर गप्पा मारत होतो. पश्चिमेकडून जळत्या ठिपक्यांची एक रांग आली आणि संथपणे पूर्वेकडे निघून गेली. प्रत्येक ठिपक्याला शेपूट होतं. माझे थोरले दीर आजही म्हणतात की ती उल्का होती. मुलगा म्हणतो, विमान पेटलं होतं. खरं काय? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दीर आणि मुलगा दोघांनीही पाहिलं ते खरं, पण ती उल्का नव्हती आणि विमानही नव्हतं. २ एप्रिल २०२२ च्या त्या संध्याकाळी, साधारण पावणेआठच्या सुमारास, गुजरात, आपला माळवा-निमाड आणि महाराष्ट्राचा मोठा भाग, एवढ्या सगळ्या ठिकाणांहून लोकांनी हेच दृश्य पाहिलं. ते एका अग्निबाणाचे अवशेष होते. चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' जातीच्या अग्निबाणाचा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडवलेला वरचा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि त्या रात्री वातावरणात शिरला, असा निष्कर्ष अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं मोठं कडं येऊन पडलं. पाडव्याची चंद्रकोर त्या वेळी अगदी बारीक होती आणि क्षितिजाला टेकली होती. आकाश काळं होतं, म्हणून दृश्य इतकं ठसठशीत दिसलं.

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द "संथपणे" हा आहे. निदान त्यावरच होतं. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास असतो. उल्का सूर्याभोवतीच्या कक्षेतून येतात. त्यांचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर आणि कमाल ७२ किलोमीटरपर्यंत जातो. शिवाय अग्निबाणाचा टप्पा वातावरणात जवळजवळ आडवा शिरतो, त्यामुळे तो या क्षितिजाकडून त्या क्षितिजाकडे जाताना दिसतो. नेहमीची उल्का सेकंदाच्या आतच संपते. फार मोठा अग्निगोल असेल तरी तो काही सेकंदांचा पाहुणा असतो. "अरे बघ, बघ" म्हणून आतून कोणाला हाक मारली, तो माणूस चप्पल घालून वर आला आणि तरीही त्याला ते दिसलं, तर ती उल्का नाही असं खुशाल समजा.

दुसरी खूण तुकड्यांची. टप्पा धातूच्या पत्र्यांचा, टाक्यांचा, नळ्यांचा बनलेला असतो. तो फुटला की जड आणि हलके तुकडे मागेपुढे होतात, पण सगळे एकाच वाटेनं जात राहतात, प्रत्येक आपली शेपटी घेऊन. म्हणून तुम्हाला रांग दिसली. मोठी उल्काही फुटते, पण ते सगळं एका झगझगीत क्षणात उरकतं.

विमानाबद्दल मुलाला एवढंच सांगा की त्याचे दिवे ठरावीक अंतरानं लुकलुकतात आणि शांत रात्री आवाजही येतो. पेटलेलं विमान अशा सरळ रेषेत गुजरातेतून चंद्रपूरपर्यंत गेलं नसतं.

असे प्रसंग पुन्हा येतील, कारण वर फिरणाऱ्या टाकाऊ टप्प्यांची संख्या मोठी आहे. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या गावांत धातूचे गोळे पडले. असे गोळे सहसा अग्निबाणातल्या वायूच्या टाक्या असतात. म्हणून एक कळकळीची विनंती : असं काही शेतात पडलेलं दिसलं तर हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका, पोलिसांना कळवा. काही अग्निबाणांत हायड्राझिन नावाचं विषारी इंधन असतं. त्याचा अंश उरलेला आहे की नाही, हे नुसतं बघून समजत नाही.

आणखी एका दृश्याबद्दल अनेकांनी विचारलं आहे, तेही इथेच सांगते. संध्याकाळी किंवा पहाटे एकामागे एक पंधरा-वीस शांत पांढरे ठिपके, शेपटी नाही, जळणं नाही, आगगाडीच्या डब्यांसारखे ओळीनं जाताना दिसले, तर ते नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह. ते जळत नसतात. त्यांच्यावर फक्त सूर्याचा उजेड पडलेला असतो.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरं येणार आहेत. त्यांना खराखुरा उल्कावर्षाव दाखवायचा आहे. कोणत्या रात्री, किती वाजता आणि कुठे जावं? मागे एकदा रात्री नऊ ते अकरा बसलो, एकही दिसली नाही. — एक मामा, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : मामा, तुमची वेळ चुकली होती, आकाशाची नाही. उल्का बघायच्या तर मध्यरात्रीनंतर, आणि खरं तर पहाटे. याचं कारण पृथ्वीच्या चालीत आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं धावते आणि मध्यरात्रीनंतर आपण तिच्या पुढच्या बाजूला आलेले असतो. पावसात स्कूटर चालवली की छाती भिजते आणि पाठ कोरडी राहते, तसं हे आहे. संध्याकाळी आपण पाठीच्या बाजूला असतो. तिथे पृथ्वीला मागून गाठणारे थोडेच कण पोहोचतात.

पाऊस सुरू होण्याआधी आपल्याला दोन वर्षाव मिळतात. पहिला लायरिड, २२-२३ एप्रिलच्या सुमाराचा. त्याच्या उल्का स्वरमंडळ तारकासमूहाच्या, म्हणजे आपल्या अभिजित ताऱ्याच्या बाजूनं निघाल्यासारख्या वाटतात. अभिजित रात्री दहाच्या आसपास ईशान्येला वर आलेला असतो आणि पहाटे चार-साडेचारला जवळजवळ डोक्यावर पोहोचतो. या उल्का थॅचर नावाच्या धूमकेतूची धूळ आहेत. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला चारशेहून अधिक वर्षं लागतात. १८६१ मध्ये तो येऊन गेला, आपल्यापैकी कोणी त्याला बघणार नाही, पण त्याची धूळ दर एप्रिलला भेटते. चिनी नोंदींत हा वर्षाव इसवी सनपूर्व ६८७ पासून सापडतो. संख्या मात्र बेताची : अगदी उत्तम आकाशातही तासाला पंधरा-अठरा.

दुसरा मला जास्त प्रिय आहे. ५-६ मेच्या सुमाराचा, कुंभ राशीतला, इटा ॲक्वेरिड नावाचा. ही हॅलेच्या धूमकेतूची धूळ. १९८६ मध्ये हॅले आला तेव्हा ज्यांनी दुर्बिणी लावल्या होत्या, त्यांच्यातले किती तरी जण २०६१ च्या त्याच्या पुढच्या भेटीला नसतील. पण मेमधल्या कोणत्याही चांगल्या पहाटे त्याचा एखादा कण त्यांच्यासमोर जळून जाईल. हे कण सेकंदाला सुमारे ६६ किलोमीटर वेगानं येतात, म्हणून या उल्का झटकन जातात. उल्का संपल्यावरही तिच्या वाटेवर एक फिकी रेघ क्षणभर टिकून राहते. मोठी उल्का असेल तर ती रेघ वरच्या हवेच्या वाऱ्यानं वाकडी होताना दिसते. भाचरांना ती दाखवा. उल्का बघितली म्हणजे झालं, असं समजून लोक नजर काढतात आणि ही रेघ त्यांची राहून जाते.

आता वेळ. या उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात, तो कुंभेतला भाग इंदुरातून रात्री दोनच्या सुमारास पूर्वेला उगवताना दिसतो. सराफ्यातली शेवटची गिऱ्हाइकं भुट्ट्याचा कीस संपवून घरी निघतात, तीच ही वेळ. दोन ते तीन या तासात उल्का कमी असतात, पण ज्या येतात त्या वातावरणाला तिरप्या घासत जातात आणि अर्धं आकाश कापणारी लांब रेघ काढतात. भरपूर संख्या हवी तर तीन ते साडेचार. त्यानंतर उजाडू लागतं. वर्तमानपत्रात "तासाला ५० उल्का" असं छापून येतं, तो आकडा उल्कांचा उगम थेट डोक्यावर आणि आकाश पूर्ण काळं असतानाचा. आपल्याकडे उजाडेपर्यंत तो भाग क्षितिज आणि माथा यांच्या मध्यापर्यंतही पोहोचत नाही. अंधाऱ्या जागेवरून तासाला दहा-वीस दिसल्या तर पहाट सार्थकी लागली. हे भाचरांना आधीच सांगा, म्हणजे त्यांचा हिरमोड होणार नाही.

जागेबद्दल माझं स्पष्ट मत आहे. शहरातल्या गच्चीवरून फक्त सगळ्यात तेजस्वी उल्का दिसतील. कुंभेसाठी पूर्व दिशा काळी हवी, म्हणून खंडवा रस्त्यानं सिमरोल-चोरलच्या बाजूला जा. तिथे इंदूरचा उजेड उत्तरेला राहतो. महूपलीकडे जानापावची टेकडीही चांगली, उंचीमुळे क्षितिज मोकळं मिळतं. जंगलाच्या कडेला मुलांना घेऊन एकट्यानं जाऊ नका. दोन-तीन कुटुंबं मिळून जा, आणि ओळखीच्या कोणाचं शेत किंवा फार्महाउस असेल तर तेच सगळ्यात उत्तम.

जाण्याआधी कालनिर्णय काढून तिथी बघा. शुक्ल पक्षाचा पहिला आठवडा असेल तर चंद्र मध्यरात्रीच्या आतबाहेर मावळतो आणि पहाट तुमची. पौर्णिमेपासून कृष्ण अष्टमीपर्यंतच्या दिवसांत चंद्र पहाटेही वर असतो, मग फिक्या उल्का जातात.

तिथे पोहोचल्यावर चटई घालून आडवे व्हा. मान वर करून उभं राहिलात तर दहा मिनिटांत कंटाळा येईल. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ती सगळी मेहनत वाया जाते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद रबर लावून बांधा. लाल उजेडानं डोळे फारसे बिघडत नाहीत. दुर्बीण नको, तिच्यातून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो. आणि कुंभेकडेच टक लावू नका. तिथून थोडं बाजूला, आकाशाच्या मध्यावर नजर सैल सोडा, लांब शेपट्या तिथेच दिसतात.

डिसेंबरातला मिथुनेचा जेमिनिड वर्षाव यापेक्षा कितीतरी दाट असतो, पण तेव्हा मुलांच्या शाळा असतात आणि थंडीही. ऑगस्टमधला प्रसिद्ध पर्सिड आपल्या ढगांमागे जातो. म्हणून मेची ही पहाट सोडू नका.

प्रश्न : बाई, एक तारा तुटला की आकाशात त्याची जागा रिकामी होते का? असे तुटत गेले तर सगळे तारे संपतील ना? — इयत्ता सहावी, मनोरमागंज, इंदूर

उत्तर : बाळा, एकही जागा रिकामी होत नाही. जो चमकून जातो तो तारा नसतोच. तो साखरेच्या दाण्याएवढा किंवा फार तर हरभऱ्याएवढा कण असतो. तो इतक्या जोरात येतो की त्याच्या पुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते. कण वितळतो, त्याची वाफ होते आणि ती चमकते. हे सगळं आपल्या डोक्यावर ८० ते १०० किलोमीटरवर घडतं, म्हणजे इंदूरहून खंडव्याला जाण्यापेक्षाही कमी अंतरावर. खऱ्या ताऱ्यांचं म्हणशील तर अभिजितचा उजेडच आपल्याकडे यायला २५ वर्षं लागतात.

तू स्वतः तपासून बघ. सप्तर्षींचे सात तारे मोज. मग उल्का दिसली की पुन्हा मोज. रंगही लिहून ठेव : नारिंगी-पिवळी झाक बहुधा सोडियममुळे येते, निळसर हिरवी मॅग्नेशियममुळे. मला पत्र पाठव.

प्रश्न : माझ्या सासूबाई उल्का दिसली की हात जोडतात आणि "कोणीतरी गेलं" म्हणतात. मुलांसमोर त्यांना कसं समजवावं? — एक सूनबाई, देवास

उत्तर : समजवू नका, त्यांना हात जोडू द्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या उज्जयिनीचे वराहमिहिर हेच सांगत होते : स्वर्गात पुण्याचं फळ भोगून जे खाली पडतात, त्यांची रूपं म्हणजे उल्का. आणि त्याच वराहमिहिरांनी धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा असे पाच प्रकार करून कोणती कशी दिसते याचं वर्णनही केलं. म्हणजे श्रद्धा आणि बारकाईनं पाहणं एकाच माणसाकडे होतं. मुलांना आजीचं म्हणणं आजीकडून ऐकू द्या, उल्केमागचं शास्त्रीय कारण तुम्ही सांगा. दोन्ही त्यांच्या लक्षात राहील. उज्जैनला गेलात तर जयसिंहांची वेधशाळा मात्र दाखवून आणा.

प्रश्न : मोठी उल्का पडताना तिचा आवाज ऐकू येतो का? — एक वाचक, महू

उत्तर : येतो, पण उशिरा. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. अग्निगोल ३० किलोमीटरवर फुटला तर स्फोटाचा आवाज दीड मिनिटानं येईल. इथेही मोजणं कामाला येतं : चमक दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद भागिले तीन, म्हणजे अंतर.

ही गोष्ट जिवावर बेतू शकते म्हणून नीट सांगते. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा खडक हवेत फुटला. सूर्यासारखा उजेड पडला, लोक काय झालं ते बघायला खिडक्यांशी धावले. धक्का दोन मिनिटांहून अधिक वेळानं पोहोचला आणि काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. जवळजवळ दीड हजार लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांनी. रात्रीचा दिवस होईल एवढी चमक कधी दिसली तर खिडकीपासून दूर व्हा आणि तिथेच चार-पाच मिनिटं थांबा.

प्रश्न : शेत नांगरताना काळा, जड, लोहचुंबकाला चिकटणारा दगड सापडला आहे. गावातले म्हणतात आकाशातून पडलेला आहे. कोणाला दाखवावा? — एक शेतकरी वाचक, सांवेर

उत्तर : आधी घरी तपासा. मालव्याची जमीनच काळ्या बसाल्टची, आणि त्यातही थोडं मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं खनिज असतं, त्यामुळे लोहचुंबक त्यालाही हलकेच ओढतो. नुसत्या चुंबकावर जाऊ नका. दगडावर किंवा आत बुडबुड्यांची भोकं असतील तर तो बहुधा भट्टीचा मळ आहे. कारखान्यांच्या भागातून भरावाबरोबर तो कुठेही पोहोचतो. अशनीला, म्हणजे आकाशातून जमिनीवर पोहोचलेल्या दगडाला, भोकं नसतात. ताज्या अशनीवर पापुद्र्याइतकी पातळ काळी साल असते, कोपरे वितळून गोलसर झालेले असतात आणि साल उडाली असेल तिथे आतला रंग बहुधा फिका दिसतो. न्हाणीघरातल्या टाइलची मागची खरखरीत बाजू घ्या आणि तिच्यावर दगड घासा. लाल किंवा काळी ठळक रेघ उमटली तर तो लोखंडाचा आपलाच दगड. अशनी सहसा रेघ उमटवत नाही.

या सगळ्यातून पास झाला तर त्याला घासू-पुसू नका, तेल-शेंदूर लावू नका, फोडू नका. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. कुठे, किती खोल सापडला ते लिहा, जागेचा फोटो काढा. भारतात पडलेले अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांभाळतं, जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत त्यांना कळवा. २२ मे २०१२ ला भर दुपारी नागपूरजवळच्या काटोलला कडाडून आवाज झाले आणि अशनींचे तुकडे पडले, तेव्हा गावकऱ्यांनी ते सांभाळून ठेवले म्हणून शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले. तुमचा दगड तिथपर्यंत गेला आणि साधा बसाल्ट निघाला तरी मला कळवा. रेघेची चाचणी कशी आली तेही लिहा, पुढच्या अंकात इतरांना उपयोगी पडेल.